दोन माणसांचा टेंट घेताना: ऐसपैस, परवडणारा आणि आपल्या हिंगोलीच्या मातीत टिकणारा

हिंगोलीत टेंट म्हटलं की लग्नाचा मंडप आठवतो, नाहीतर इज्तेमाचा शामियाना. पाठीवर टाकून न्यायचा, दोघांनी झोपायचा छोटा टेंट आपल्याकडे अजून नवाच आहे. पण आता कॉलेजची मुलं चिखलदऱ्याला जातात, सुट्टी जोडून आली की कळसूबाई, हरिश्चंद्रगड गाठतात. बाप-लेक, नवरा-बायको, दोन भाऊ असेही निघतात. मग मोबाईलवर शोध सुरू होतो आणि हजार रुपयांपासून वीस हजारांपर्यंतचे टेंट एकाच ओळीत दिसले की डोकं चक्रावतं.

आमच्या मते आपल्या जिल्ह्यात हा टेंट घरात असण्याचं आणखी एक कारण आहे, आणि ते सहलीपेक्षा मोठं आहे. 21 मार्च 2024, रमजानचा दहावा रोजा. सहरी आणि फजर होऊन गेलेली, सकाळचे 6 वाजून 8 मिनिटं झालेले. तेव्हा 4.5 तीव्रतेचा धक्का बसला आणि दहा-अकरा मिनिटांत दुसरा, थोडा हलका. हिंगोली, नांदेड, परभणी, सगळीकडे माणसं लेकरांना घेऊन घराबाहेर आली. पत्र्यावर ठेवलेले दगड काढून घ्या, असं तेव्हा प्रशासनाला सांगावं लागलं. त्याच वर्षी 10 जुलैच्या सकाळी कळमनुरी तालुक्यात केंद्र असलेला 4.5 चाच आणखी एक धक्का आला. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे परिसरात जमिनीतून आवाज येण्याच्या बातम्या तर वर्षानुवर्षं वाचतोय. घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. पण तीन-साडेतीन हजार खर्चून टेंट घ्यायचाच असेल, तर असा घ्यावा की डोंगरावरही चालेल आणि अशा रात्री अंगणातही उभा राहील. खरेदीचा विचार इथूनच करू.

आधी "दोन माणसांचा" या शब्दाचा अर्थ. कंपनी दोन माणसं मोजते तेव्हा खांद्याला खांदा लावून झोपलेली दोन माणसं मोजते. सामान नाही, कूस बदलायला जागा नाही. बाजारातल्या साध्या टेंटची रुंदी 120 ते 140 सेंटीमीटर असते, म्हणजे चार फुटांपासून साडेचार फुटांपर्यंत. घरातला साधा डबल बेड पाच फुटांचा असतो, म्हणजे हा त्याहूनही अरुंद. त्यामुळे ऐसपैस हवा असेल तर 140 च्या खाली जाऊ नका. लांबी किमान 210 बघा. भिंती तिरक्या असतात, म्हणून उंच माणसाचे पाय आणि डोकं कापडाला टेकतात आणि सकाळी चादर ओली निघते. मधली उंची 110 सेंटीमीटरच्या आसपास हवी, म्हणजे ताठ बसता येतं, कपडे बदलता येतात, ओढणी-हिजाब नीट करता येतो.

आकड्यांवरून अंदाज येत नसेल तर घरीच बघा. फरशीवर खडूने 210 बाय 140 चा चौकोन आखा आणि ज्या दोघांना जायचंय त्यांनी त्यात झोपून पाहा, पिशव्या पायाशी ठेवून. दोन खुर्च्यांना 110 सेंटीमीटरवर दोरी बांधा आणि खाली बसा. पाच मिनिटांचं काम आहे, पण दुकानदाराच्या बोलण्यापेक्षा ते जास्त सांगून जातं. चौकोनात दाटी वाटली तर सरळ तीन माणसांचा टेंट घ्या. वजन साधारण अर्धा-पाऊण किलोनं वाढतं, पैसेही थोडे वाढतात, पण एस.टी.नं किंवा अकोल्याच्या गाडीनं जाऊन शेवटचे दोन-चार किलोमीटर चालणाऱ्याला तेवढं जड नाही. एकानं कापड घ्यावं, दुसऱ्यानं काठ्या आणि खुंट्या. घरी आई आणि दोन लहान लेकरांना झोपवायचं झालं तरी हाच आकार उपयोगी पडतो.

नमाजचं काय, हा प्रश्न येणारच. सव्वातीन-साडेतीन फूट उंचीच्या टेंटमध्ये कियाम होत नाही. ज्याला उभं राहता येतं त्यानं फर्ज नमाज बाहेर उभं राहूनच पढायची, त्यामुळे नमाजसाठी म्हणून उंच टेंटवर पैसे घालू नका. माणूस उभा राहील असे टेंट जड असतात आणि वाऱ्यात टिकायला अवघड. त्याऐवजी हलकी चटई किंवा घडीची जानमाज ठेवा. मुसळधार पावसात काय करायचं, कसर कधी लागू होते, हे निघण्याआधी आपल्या आलिमांना विचारून घ्या. किब्ल्याची दिशा मात्र आम्ही सांगू शकतो: हिंगोलीहून ती सरळ पश्चिमेपासून साधारण दहा अंश उत्तरेकडे आहे. म्हणजे मावळतीकडे तोंड करून किंचित उजवीकडे वळायचं. मोबाईलची बॅटरी संपली तरी साध्या होकायंत्रावर 280 च्या आसपास धरलं की झालं.

याच दिशेवरून टेंटचं दार कुठं असावं हेही ठरतं. आपल्या घरांत किब्ल्याकडे पाय करून झोपत नाहीत. म्हणून टेंटची लांबी उत्तर-दक्षिण ठेवावी. डोकं उत्तरेला केलं की उजव्या कुशीवर झोपल्यावर तोंड आपोआप किब्ल्याकडे येतं. आता दार लांब बाजूला असेल तर ते पूर्वेला उघडतं. आपल्याकडे पावसाळी वारा बहुतेक पश्चिम-नैऋत्येकडून येतो, म्हणजे दार वाऱ्याच्या आड राहतं. उलट दार डोक्याशी किंवा पायाशी असेल तर रात्री उठणाऱ्याला दुसऱ्याला ओलांडून जावं लागतं. तहज्जुदला उठणारा असो की लहान मूल, ही कटकट रोजची होते. म्हणून लांब बाजूला दार असलेला टेंट निवडा. दोन्ही बाजूंना दोन दारं मिळाली तर उत्तमच. मात्र या मांडणीत रुंद बाजू वाऱ्याला सामोरी येते, तेव्हा पश्चिमेकडच्या दोऱ्या पक्क्या ताणायच्या.

दाराबाहेर कापडाची छोटी ओसरी असते, ती असलेलाच घ्या. चपला, वुजूचा लोटा, ओल्या पिशव्या तिथं राहतात आणि आतली जागा मोकळी होते. ऐसपैसपणा अर्धा या ओसरीवर असतो. दोघांच्या सॅक आत घेतल्या की 140 चा टेंट शंभरचा होतो.

आता कापड. हजार-दीड हजारात छत्रीसारखे फटकन उघडणारे टेंट मिळतात. फोटोत छान दिसतात. ते बहुतेक एकाच थराचे असतात, आणि आमचं मत विचाराल तर पावसाळ्यासाठी ते घेऊ नयेत. झोपलेल्या माणसाच्या श्वासातून रात्रभरात पेलाभर तरी पाणी बाहेर पडतं. एकाच थराच्या टेंटमध्ये ते गार कापडाला धरतं आणि पहाटे अंगावर टपकतं. लोक म्हणतात टेंट गळला. टेंट गळलेला नसतो, हवा कोंडलेली असते. दोन थरांच्या टेंटमध्ये आत जाळीचं किंवा पातळ कापड आणि बाहेर पावसाचं कापड, मधे हवा खेळायला जागा. बाहेरचा थर जमिनीजवळपर्यंत खाली आलेला हवा. नुसती वर टोपी ठेवल्यासारखा असेल तर सह्याद्रीच्या आडव्या पावसात त्याचा उपयोग नाही. असा दोन थरांचा, घुमटासारखा टेंट सध्या साधारण तीन ते पाच हजारांत येतो, वजन अडीच-तीन किलो. दहा हजारांपुढचे टेंट हलके असतात, पण ते आठ-आठ दिवस पायी चालणाऱ्यांसाठी. आपल्याला गरज नाही.

लेबलवर मिलिमीटरमध्ये एक आकडा असतो. कापडावर किती उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तर ते झिरपू लागतं, त्याचं ते माप. वरच्या कापडाला 1500 ते 2000 आणि तळाला त्याहून जास्त, 3000 च्या आसपास असेल तर निर्धास्त राहा. तळाला जास्त का, तर गुडघा किंवा कोपर टेकला की ओल्या जमिनीवर दाब वाढतो. आकडा चांगला असूनही शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली नसेल तर पाणी सुईच्या भोकांतूनच येतं. टेंट घरी आला की परत करायची मुदत संपण्याआधी गच्चीवर उभारा, दुपारी आत बसून भोकं दिसतात का बघा आणि वरून दोन बादल्या पाणी ओता.

तळ मात्र आतल्या जाळीला शिवलेला आणि दाराला पूर्ण चेन असलेलाच हवा. यात तडजोड नको. आपल्या भागात मण्यार आहे. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती चावते आणि पुष्कळदा चावल्याचं कळतसुद्धा नाही. धक्क्याच्या भीतीनं अंगणात, शेतात चटई टाकून झोपणं म्हणजे एका धोक्यातून दुसऱ्यात जाणं. ताडपत्री पाऊस थांबवते, सापाला, विंचवाला थांबवत नाही. चेन दिवसाही लावलेली ठेवायची, नाहीतर संध्याकाळी आत शिरलेला पाहुणा आपल्याबरोबरच बंद होतो.

काठ्यांवर उभा राहणारा टेंट आणि खुंट्यांवर उभा राहणारा टेंट, हा फरक दुकानात कुणी समजावून सांगत नाही. दोन काठ्या फुलीसारख्या वाकवून उभा राहणारा घुमट जमिनीत खुंटी नसतानाही उभा राहतो. दुसऱ्या प्रकारात खुंट्यांचा ताण सुटला की सगळं खाली बसतं. तो स्वस्त आणि हलका पडतो, म्हणून मोह होतो. पण आपली काळी जमीन पावसात लोण्यासारखी मऊ होते, खुंटी धरतच नाही, आणि उन्हाळ्यात भेगा पडतात. सह्याद्रीच्या कातळावर खुंटी शिरत नाही. सिमेंटच्या अंगणात किंवा शाळेच्या पटांगणात, जिथं धक्क्यानंतर लोक जमतात, तिथंही तेच. म्हणून घुमटच घ्या आणि दोऱ्या दगडांना, पाण्याच्या कॅनला बांधा. टेंटबरोबर येणाऱ्या तारेसारख्या खुंट्या पहिल्याच दिवशी वाकतात. लांब, पन्हाळीसारख्या आकाराच्या आठ-दहा खुंट्या वेगळ्या घ्या. ॲल्युमिनियमच्या काठ्या टिकतात, फायबरच्या स्वस्त पण चिरतात. फायबरची असेल तर चिरलेल्या जागी सरकवायची धातूची नळी सोबत ठेवा.

टेंटमध्ये स्टोव्ह, शेगडी, मेणबत्ती, अगरबत्ती काहीही पेटवायचं नाही, थंडी कितीही असो. बंद टेंटमध्ये धुराचा विषारी वायू झोपेतच घात करतो आणि हे कापड क्षणात पेटून अंगाला चिकटतं. 15 एप्रिल 1997 ला मिनामध्ये हाजींच्या तंबूंना लागलेली आग घरातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. तीनशेहून अधिक जण त्यात गेले, सुमारे 70 हजार तंबू जळाले. त्यानंतर तिथं आगीला दाद न देणारे तंबू उभारले गेले. आपला तीन हजारांचा टेंट तसा नसतो.

कुठं लावायचा हे थोडक्यात. सिद्धेश्वर किंवा इसापूर धरणाच्या बाजूला असाल तर पाण्याच्या जुन्या खुणेच्या बऱ्याच वर, आणि धरणाखालच्या नदीपात्रात कधीच नाही. वन खात्याच्या आणि पुरातत्त्व खात्याच्या जागेत मुक्कामाला परवानगी लागते, काही ठिकाणी मुक्काम बंदच असतो. आधी विचारा. धक्क्यानंतर घराबाहेर लावताना भिंतीच्या उंचीहून जास्त अंतर सोडा, वर विजेच्या तारा नकोत. विजा कडाडत असतील तेव्हा मात्र डोंगरावर असा की मैदानात, टेंटचा आसरा धरू नका. हेही लक्षात ठेवा की मे महिन्यात भर दुपारी टेंट भट्टी होतो. तो रात्रीसाठी आहे.

घरी आणलेला टेंट ओला गुंडाळून ठेवला तर आठवड्यात बुरशी धरते. पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवला तर उष्णतेनं आतला लेप चिकट होऊन सुटतो. कोरडा करून, सैल घडी घालून, दाराजवळच्या कपाटात ठेवावा, त्याच पिशवीत एक टॉर्च आणि पाण्याची रिकामी कॅन. आणि उभारायला फक्त घरातल्या पोरांना येऊन भागणार नाही. पोरगं शिकायला औरंगाबादला, अब्बू दुकानावर, अशा वेळी घरी अम्मी आणि मुलीच असतात. एका संध्याकाळी दिवे घालवून त्यांनी तो दोनदा उभारून पाहावा. पहिल्यांदा अर्धा तास लागेल, दुसऱ्यांदा दहा-पंधरा मिनिटं.