पहिली क्लासिकल गिटार (भाग ५) : तबली अखंड की थरांची?

तारांच्या ताणाचे विवेचन या भागासाठी योजले होते. परंतु कोकणातील एका वाचकाने विचारलेला प्रश्न इतका मूलभूत आहे की त्याचा निकाल लावल्याखेरीज तारांकडे वळणे योग्य होणार नाही. दहा-बारा हजार रुपये हाताशी असलेल्या या वाचकाला दुकानात ‘सॉलिड टॉप’ असलेली, सुमारे दुप्पट किमतीची गिटार घेण्याचा आग्रह झाला असून, तेवढ्यासाठी वर्षभर थांबून पैसे साठवावेत काय, असे त्याने विचारले आहे.

ज्या भागाविषयी हा आग्रह आहे तो म्हणजे गिटारच्या पोकळ पेटीची वरची फळी, जिला सतार आणि तंबोरा घडवणारे मिरजेचे कारागीर तबली म्हणतात. गिटारची तार स्वतः फारशी हवा हलवू शकत नाही, कारण पहिली तार जेमतेम पाऊण मिलिमीटर जाडीची असते. तिचे कंपन घोडीतून तबलीत उतरते आणि तबलीच्या विस्तृत पृष्ठभागामुळेच ते ऐकण्याजोग्या स्वरात बदलते. या फळीकडून दोन परस्परविरोधी अपेक्षा असतात: सहा तारांची मिळून सुमारे ४० किलोची ओढ तिने वर्षानुवर्षे सहन करावी, आणि तरीही बोटाच्या हलक्या स्पर्शाने ती हलावी. म्हणून ती अडीच मिलिमीटरच्या आसपास पातळ ठेवतात आणि आतल्या बाजूने तिला लाकडाच्या बारीक पट्ट्या पंख्याच्या काड्यांप्रमाणे पसरून चिकटवतात. या रचनेला ‘फॅन ब्रेसिंग’ असे नाव आहे.

ही रचना ज्यांनी परिपक्व केली आणि आजच्या गिटारचा आकारही ज्यांच्यामुळे स्थिरावला, ते स्पेनमधील आल्मेरियाचे अंतोनियो दे तोरेस (१८१७–१८९२) यांनी १८६२ मध्ये एक विलक्षण वाद्य घडवले. त्याची तबली नेहमीप्रमाणे लाकडाची होती, मात्र पाठ आणि बाजू पुठ्ठ्याच्या होत्या. स्वराची मुख्य जबाबदारी तबलीवर असते, पाठीच्या मौल्यवान लाकडावर नव्हे, हे दाखवणारी ही गिटार आज बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. वाद्यनिर्मितीच्या इतिहासात इतका थेट आणि इतका निर्भय प्रयोग क्वचितच सापडतो, आणि पहिली गिटार घेणाऱ्यास त्यापासून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. कारण दुकानात ‘रोझवूडची पाठ’ म्हणून जी जादा किंमत सांगितली जाते, तिचा विचार या वाद्याच्या प्रकाशात व्हायला हवा. हे रोझवूड बहुधा भारतीय शिसव असते, सह्याद्रीत वाढणारे आणि जगभरच्या गिटारनिर्मात्यांना प्रिय असलेले; पण कमी किमतीच्या गिटारीत त्याचा केवळ पापुद्र्यासारखा थर प्लायवुडवर चढवलेला असतो आणि त्याने स्वरात म्हणण्यासारखा फरक पडत नाही.

तबलीची गोष्ट निराळी आहे. सॉलिड टॉप म्हणजे अखंड लाकडाची तबली: स्प्रूस किंवा सीडर या सूचिपर्णी वृक्षांच्या फळीचे दोन सारखे काप मधोमध जोडून ती तयार करतात. स्प्रूसचे लाकूड रेषांच्या दिशेने अतिशय ताठ आणि आडवे पुष्कळच लवचिक असते. वजनाने ते हलके असल्याने लहानशा धक्क्यानेही कंप पावते. सीडरचा प्रसार १९६० च्या दशकात माद्रिदच्या होसे रामिरेस तिसरे यांनी केला; त्याचा स्वर पहिल्या दिवसापासून उबदार आणि मोकळा असतो, तर स्प्रूसचा स्वर वाजवत राहिल्याने हळूहळू खुलतो. याउलट लॅमिनेटेड तबलीत लाकडाचे पातळ थर एकमेकांना आडवे ठेवून डिंकाने चिकटवलेले असतात; त्यामुळे आडवा लवचिकपणा नाहीसा होतो, थरांमधला डिंक कंपन शोषून घेतो, मंद्र तारा कोरड्या वाटतात आणि उंच पडद्यांवरचा स्वर लवकर विझतो. केवळ नादाचा विचार केल्यास दुकानदाराचे म्हणणे रास्तच आहे.

परंतु लाकूड हवेतील ओलावा शोषते व सोडते, आणि तसे करताना ते लांबीत जवळजवळ बदलत नाही, रुंदीत मात्र फुगते व आक्रसते. तबलीच्या कडा बाजूंना पक्क्या चिकटलेल्या असल्याने फुगलेल्या लाकडाला वर उचलले जाण्यावाचून मार्ग नसतो. घोडी तिच्याबरोबर वर येते आणि तारा पडद्यांपासून इतक्या दूर जातात की नवशिक्याची बोटे दुखू लागतात. कोरड्या हवेत याच्या उलट घडते आणि ताण असह्य झाला की तबली रेषेलगत तडकते. गिटारला ४५ ते ५५ टक्के सापेक्ष आर्द्रता मानवते. कोकण आणि गोव्यात पावसाळ्यात ती ८५ टक्क्यांच्या वर राहते, तर विदर्भात मे महिन्याच्या दुपारी २० टक्क्यांच्या आसपास उतरते. थरांच्या तबलीत प्रत्येक थर शेजारच्याला आडवा धरून ठेवतो, म्हणून ती हे चढउतार पुष्कळ अंशी सोसते.

म्हणून त्या वाचकाने वर्षभर थांबू नये. यामाहाच्या सी ४० सारखी थरांची तबली असलेली, पण दांडी सरळ आणि पडदे गुळगुळीत असलेली गिटार त्याने आजच घ्यावी आणि उरलेल्या पैशातून घोडीवरचे हाड व वरच्या टोकाची खाचांची पट्टी जाणत्या माणसाकडून घासून घ्यावी. बाराव्या पडद्यावर सहाव्या तारेची उंची ४ आणि पहिल्या तारेची ३ मिलिमीटरच्या जवळ आली म्हणजे शिकणे सुसह्य होते. एक वर्ष वाजवण्यात गेलेले केव्हाही चांगले. ज्यांच्याकडे गिटार ठेवण्याची कठीण पेटी आणि आर्द्रतामापक आहे, शिवाय पावसाळ्यात वाद्य पेटीबाहेर न विसरण्याची शिस्त आहे, त्यांनी मात्र सॉलिड टॉप अवश्य घ्यावा. त्यांना त्याचा आनंद वर्षानुवर्षे मिळेल.

तबली खरोखर अखंड आहे की नाही, हे पाहण्याची जागा म्हणजे मधल्या गोल छिद्राची कड. वरच्या रेषा कडेवरून तशाच खाली उतरलेल्या दिसल्या तर लाकूड अखंड समजावे. कडेत वेगळ्या रंगाचा मधला थर दिसला तर ते प्लाय होय. ‘ऑल सॉलिड’ याचा अर्थ पाठ आणि बाजूही अखंड, आणि अशा गिटारी या लेखमालेच्या किमतीच्या कक्षेबाहेर आहेत.

सॉलिड टॉप कमी किमतीत हवा असेल तर वापरलेली गिटार हा मार्ग उरतो. तेव्हा तबलीवर तिरपा प्रकाश पाडून घोडीच्या मागचा फुगवटा पाहावा. किंचित फुगवटा स्वाभाविक आहे, पण घोडी पुढे कलली असेल तर व्यवहार सोडून द्यावा. घोडीच्या मागच्या कडेखाली कागद सरकवून पाहावा. तो आत शिरला तर घोडी उचकटू लागली आहे. तबलीवर जुनी तडक दिसली तरी लगेच माघार घेण्याचे कारण नाही, कारण आतून लाकडाचे छोटे तुकडे आडवे चिकटवून नीट बुजवलेली तडक स्वराला बाधा आणत नाही, आणि तिच्यामुळे किंमत मात्र बरीच खाली येते.