यात्रेच्या मुक्कामाला फिरती लाँड्री हवी

श्रावणी सोमवार असो की महाशिवरात्र, वेरूळला घृष्णेश्वराच्या दारी माणसांची रीघ लागते. कोणी छत्रपती संभाजीनगरहून तीसेक किलोमीटर चालत आलेला असतो, कोणी त्र्यंबकेश्वर-शिर्डी करत गाडीने आलेला, तर कोणी आदल्या रात्रीच मंडपात पथारी टाकून पहाटेच्या दर्शनाची वाट पाहत असतो. अशा गर्दीसाठी करायच्या सोयींची यादी आता प्रशासनाला तोंडपाठ आहे: पोलीस बंदोबस्त, पाण्याचे टँकर, आरोग्य पथक, फिरती शौचालये, एसटीच्या जादा गाड्या. महाप्रसादाचा भार भाविकच उचलतात. या यादीत एक गोष्ट कधीच नसते, ती म्हणजे कपडे धुण्याची सोय. वास्तविक दोन दिवस घराबाहेर राहिलेल्या माणसाची ती रोजची गरज आहे, आणि पावसात भिजत चालणाऱ्याची तर पहिली. माझे म्हणणे असे की मुक्कामाच्या गर्दीसाठी फिरती लाँड्री ही चैन नाही. पाणी आणि शौचालयाप्रमाणेच ती सार्वजनिक आरोग्याची व्यवस्था आहे, आणि वेरूळसारख्या क्षेत्री ती तीर्थाच्या रक्षणाचीही व्यवस्था आहे.

आधी तीर्थाचे पाहू. घृष्णेश्वराचे मंदिर मालोजीराजे भोसल्यांनी आणि पुढे होळकर घराण्यातील गौतमाबाई व अहिल्याबाई यांनी पुन्हा उभे केले. जवळच शिवालय तीर्थाचे दगडी कुंड आहे. चारही बाजूंनी उतरत गेलेल्या पायऱ्या आणि त्यांवरची आठ छोटी देवळे हे त्याचे रूप. डोंगरावरून येणारी येळगंगा पावसाळ्यात 29 क्रमांकाच्या लेण्याशेजारी धबधबा होऊन कोसळते आणि तिचे पाणी पुढे गोदावरीच्या खोऱ्यात जाते. म्हणजे वेरूळचे पाणी हे एकाच वेळी श्रद्धेचे, इतिहासाचे आणि खालच्या गावांच्या वापराचे पाणी आहे. कुंडासारख्या साचलेल्या पाण्यात साबण, मळ आणि पावडरीतले क्षार उतरले की ते वाहून जात नाहीत, तिथेच साठत राहतात. त्यावर शेवाळ पोसते आणि पाण्यातला प्राणवायू कमी होतो. यावर आपला ठरलेला उपाय म्हणजे ‘येथे कपडे धुऊ नयेत’ अशी पाटी. पाटी योग्यच आहे, पण ती अर्धीच आहे. ओले लुगडे आणि चिखलाने भरलेले धोतर घेऊन उभ्या असलेल्या माणसाला कुठे धुवायचे नाही एवढेच ती सांगते, कुठे धुवायचे ते सांगत नाही. मग तो नदीच्या काठी जातो, हातपंपापाशी जातो, नाही तर ओले कपडे पिशवीत कोंबतो.

त्या कोंबलेल्या पिशवीपासून आरोग्याचा प्रश्न सुरू होतो. कपडा रोग वाहून नेतो हे वैद्यकाने फार मोठी किंमत देऊन शिकले आहे. शार्ल निकोल हे फ्रेंच डॉक्टर ट्युनिस शहरात काम करत होते. टायफसचे रुग्ण रस्त्यावर आणि दवाखान्याच्या दारात इतरांना रोग देतात, रुग्णांचे कपडे हाताळणारे नोकरही आजारी पडतात; पण रुग्णाला आंघोळ घालून, कपडे बदलून वॉर्डात नेले की तिथे कोणालाच लागण होत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. यावरून कपड्यांच्या शिवणीत राहणाऱ्या उवा हा रोग पसरवतात असे त्यांनी 1909 मध्ये दाखवून दिले आणि 1928 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आज आपल्या यात्रांत टायफसची भीती नाही. खरूज आणि नायटा मात्र सर्रास दिसतात. ओला कपडा जांघेत आणि काखेत दिवसभर घासत राहिला की नायट्याला रान मोकळे मिळते. खरजेचे तर असे की नुसते मलम लावून ती जात नाही. एकत्र राहणाऱ्या सगळ्यांवर एकाच वेळी उपचार करावा लागतो आणि त्याच दिवशी अंगावरचे कपडे, चादरी, पांघरुणे गरम पाण्यातून काढावी लागतात. 50 अंश सेल्सियसच्या वरच्या उष्णतेत दहा मिनिटे राहिले की खरजेचा किडा मरतो. आरोग्य पथक मलमाची नळी देऊ शकते. गरम पाण्याची धुलाई त्याच्याजवळ नसते.

छावणीबरोबर धुलाई चालली पाहिजे ही काही नवी गोष्ट नाही. वेरूळपासून चार-पाच किलोमीटरवर खुलताबादला औरंगजेबाची कबर आहे. या बादशहाने आयुष्याची अखेरची 25 वर्षे दख्खनमध्ये, बहुतेक छावणीतच काढली. अशा फिरत्या शहराबरोबर भिस्ती, नालबंद, शिंपी आणि धोबी चालत. मराठ्यांच्या फौजेमागूनही कारागिरांचा असाच लवाजमा असे, आणि ब्रिटिश हिंदी फौजेच्या पलटणींत धोबी हा ठरलेला चाकर होता. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकन सैन्यांनी ट्रेलरवर यंत्रे बसवून धुलाईची स्वतंत्र पथकेच उभी केली, कारण खरूज आणि उवांनी आजारी पडलेला शिपाई लढाईला तितकाच निकामी असतो. 2005 मध्ये अमेरिकेत कतरिना वादळानंतर पूरग्रस्तांसाठी लाँड्रीचा ट्रक आला. 2014 मध्ये ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन शहरात दोन तरुणांनी एका व्हॅनमध्ये यंत्रे बसवून बेघरांचे कपडे फुकट धुवायला सुरुवात केली, आणि ‘ऑरेंज स्काय’ हे त्यांचे काम पुढे न्यूझीलंडपर्यंत पोचले. यंत्र गाडीवर बसते, चालते आणि टिकते, हे आता सिद्ध करायचे राहिलेले नाही.

मग वेरूळला फिरती लाँड्री कशी उभी राहील? जागा कुंडापासून आणि नदीपासून दूर, वाहनतळाच्या कडेला, सपाट आणि मुरमाड असावी. सपाट अशासाठी, की कपडे पिळण्यासाठी यंत्राचे पिंप वेगाने फिरू लागले की तिरपी गाडी हादरते. म्हणून चारही कोपऱ्यांना जॅक लावून पातळी धरावी लागते. दख्खनच्या काळ्या खडकातले विहिरी-बोअरचे पाणी बहुधा जड असते. त्यात साबण फेसाळत नाही आणि कपड्यावर पांढुरका थर बसतो. त्यामुळे गाडीवर पाणी मऊ करणारे यंत्र तरी हवे, नाही तर जड पाण्याला चालणारी पावडर बेताने वापरली पाहिजे. धुलाई चार गोष्टींवर उभी असते: रसायन, घासणे, उष्णता आणि वेळ. यातली एक कमी केली तर दुसरी वाढवावी लागते. घाटावर उष्णता नसते, म्हणून तिथे आपटणे वाढते आणि सुती कापड लवकर विरते. गाडीवर छतावरच्या सौर बंबाने पाणी आधी कोमट केले आणि पुढची उष्णता गॅसने दिली, तर कपडे सौम्यपणे फिरवूनही मळ निघतो. मळक्या पाण्यासाठी आधी निवळण टाकी, मग वाळूची गाळणी आणि शेवटी शोषखड्डा, ही साखळी गाडी येण्याआधी तयार हवी. हे पाणी शेजारच्या शेतात सोडून चालणार नाही, कारण काळ्या जमिनीत सोडियम साठला की ती चोपण होते. गाळणीतून निघालेले पाणी फिरत्या शौचालयांत वापरणे सर्वांत बरे.

धुण्यापेक्षा वाळवण्याचे काम अवघड आहे, आणि बहुतेक योजना इथेच फसतात. हाताने पिळलेल्या सुती कपड्यात जवळजवळ त्याच्या वजनाइतके पाणी राहते. वेगाने फिरणारे यंत्र ते निम्म्यावर आणते. उरलेले पाणी उष्णतेने उडवायचे तर लिटरमागे प्रत्यक्षात सुमारे एक युनिट वीज लागते. म्हणजे 20 किलोच्या एका घाण्यातल्या दहा लिटर पाण्यासाठी दहा युनिटे. जितके पाणी फिरवून काढता येईल तितके आधी काढणे हाच यातला शहाणपणा. महाशिवरात्रीला माघातले कोरडे ऊन असते, तेव्हा दोऱ्या बांधल्या की काम भागते. श्रावणात मात्र पत्र्याच्या शेडखाली दोऱ्या आणि मोठे पंखे लागतील, आणि गरम हवेचे यंत्र आजाऱ्यांच्या व बाळांच्या कपड्यांसाठी राखून ठेवावे लागेल.

पहिला आक्षेप पाण्याचा येईल, आणि मराठवाड्यात तो यायलाच हवा. जिथे उन्हाळ्यात पिण्यासाठी टँकर लागतो तिथे लाँड्री कशाला? हिशेब मांडून पाहू. 20 किलोची चार यंत्रे दिवसात प्रत्येकी आठ घाणे करतील असे धरले तर 640 किलो कपडे होतात. व्यापारी यंत्राला किलोमागे 12 लिटर पाणी धरले तर दिवसाला 7,680 लिटर, म्हणजे दहा हजार लिटरच्या एका टँकरपेक्षा कमी. एका माणसाचे कपडे किलोभर धरले तर त्यात सहाशेवर माणसांची सोय होते. एका माणसाचे तेच कपडे नळावर धुताना भिजवायला एक आणि विसळायला दोन अशा 15 लिटरच्या तीन बादल्या सहज जातात. एका घाण्याचे शेवटचे विसळणाचे पाणी पुढच्या घाण्याच्या पहिल्या धुण्याला वापरले तर यंत्राचा वापर आणखी खाली येतो. टंचाई असेल तिथे धुलाई एका जागी आणि मोजून व्हावी, हाच या आकड्यांचा अर्थ आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: यंत्र आले की परीट समाजाच्या पोटावर पाय येईल. गावगाड्यातल्या बारा बलुत्यांपैकी एक असलेला हा व्यवसाय घरोघरच्या वॉशिंग मशीनने आधीच मोडकळीला आणला आहे. म्हणूनच फिरत्या लाँड्रीचे काम याच समाजातल्या कारागिरांच्या संस्थांकडे, बचत गटांकडे द्यावे, आणि तेही मालकीच्या हक्काने. कोणत्या कापडाला किती ताव द्यायचा, रंग कुठे सुटेल, डाग कशाने जाईल, हे ज्ञान यंत्रात येत नाही. कपडे अदलाबदल होतील या भीतीलाही याच परंपरेत उत्तर आहे. बिब्ब्याच्या रसात चुना मिसळून परीट कपड्याच्या कोपऱ्यात कधीही न जाणारी खूण करीत आणि शेकडो घरांचे कपडे बिनचूक परत करीत. आज प्रत्येक कुटुंबाला क्रमांकाची जाळीदार पिशवी देता येईल. कपडे त्या पिशवीतच धुतले जातील, पिळले जातील, आणि वाळवतानाच तेवढे बाहेर निघून त्या क्रमांकाच्या दोरीवर जातील. आपले सोवळे दुसऱ्याच्या कपड्यात मिसळू नये असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी इतके पुरेसे असावे. जी घरे सोवळ्याचा विचार करीत आली त्यांचेच कपडे पिढ्यान् पिढ्या परटाने धुतले आहेत. त्याच समाजात 1876 मध्ये जन्मलेल्या गाडगे महाराजांनी यात्रेच्या ठिकाणी हातात झाडू घेतला आणि पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभारल्या. यात्रेकरूचा मुक्काम स्वच्छ करणे हेही देवकार्य, ही त्यांची शिकवण अर्धवट ठेवण्याचे कारण नाही.

तिसरा आक्षेप असा की लाखोंच्या गर्दीत सहाशे माणसे म्हणजे दर्यामे खसखस. खरे आहे, पण ही सोय सगळ्यांना एकाच वेळी लागत नाही. बहुतेक लोक दर्शन घेऊन त्याच दिवशी परततात. आधी हक्क हवा तो आरोग्य पथकाच्या चादरींचा, तान्ह्या मुलांच्या आयांचा, वृद्धांचा, बंदोबस्तावरच्या पोलिसांचा आणि सर्वांत आधी सफाई कामगारांचा, कारण गर्दीची घाण त्यांच्याच अंगावर येते. यात्रेत कुटुंबाचे कपडे धुण्याचे काम मुकाट्याने बायकांच्याच वाट्याला येते. सगळ्यांबरोबर चालून आल्यावर नऊवारी धुऊन पिळायला ताकद लागते, आणि पाळीचे कापड धुवायला आडोसा लागतो. शौचालयांच्या बाबतीतही असेच म्हटले गेले होते: वारकरी ती वापरणार नाहीत, पुरणार नाहीत. आज पालखी मार्गावर फिरती शौचालये हा वारीच्या नियोजनाचा नेहमीचा भाग झाला आहे.

राहिला खर्च. यात्रा वर्षातून मोजकेच दिवस असते, म्हणून केवळ तिच्यासाठी गाडी घेणे परवडणार नाही. पण गाडीला चाके आहेत. आश्रमशाळेत खरजेची साथ आली की ती तिथे जाईल. ऊसतोडीच्या हंगामात मराठवाड्यातून निघालेल्या टोळ्यांच्या कोप्यांजवळ उभी राहील. आणि पूर आला तर तिचे मोल सर्वाधिक. 2019 मध्ये सांगली-कोल्हापूर, 2021 मध्ये चिपळूण, 2025 मध्ये मराठवाडा बुडाला तेव्हा बाहेरून कपड्यांचे गठ्ठे पाठवण्यासाठी राज्यभर हात पुढे आले. ते हवेच होते, पण ज्याच्या घरातले सगळे कपडे चिखलात आहेत त्याला त्याचे स्वतःचे कपडे धुऊन, वाळवून परत मिळणे ही तितकीच मोठी मदत आहे. दुसऱ्याने दिलेला सदरा अंगाला येईलच असे नाही. आपली साडी, मुलाचा शाळेचा गणवेश, आईचे पांघरूण यांची जागा उसना कपडा घेत नाही.

2027 मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ आहे. त्र्यंबकेश्वर केलेल्या भाविकांपैकी अनेकजण घृष्णेश्वर या दुसऱ्या ज्योतिर्लिंगासाठी वेरूळची वाट धरतात, म्हणजे त्या वर्षी इथला ताण वाढणार हे उघड आहे. एवढ्या मोठ्या गर्दीत कोरा प्रयोग करू नये. त्याआधी एका महाशिवरात्रीला किंवा श्रावणाच्या सोमवारी एकच गाडी वेरूळला उभी करावी, ती परीट समाजातल्या जाणत्यांच्या हाती द्यावी, आणि तीन नोंदी रोज ठेवाव्यात: किती किलो कपडे धुतले, त्याला किती पाणी लागले, किती कपडे हरवले. हे आकडे चांगले आले तर सिंहस्थाच्या आराखड्यात फिरत्या शौचालयांच्या ओळीखाली फिरत्या लाँड्रीची ओळ लिहिता येईल. वाईट आले तर नेमके काय सुधारायचे ते कळेल. हा निर्णय जिल्हा प्रशासन, देवस्थान आणि ग्रामपंचायत यांनी एकत्र बसून घेण्यासारखा आहे, आणि तो घेण्यासाठी एका टँकरइतके पाणी, एक गाडी आणि काम जाणणारी माणसे एवढीच तयारी लागते.