टप्पे किती असावेत? शिरगाव ते केळवे : एका शोधवाटेची आखणी

हिवाळ्यात पालघर-बोईसरकडील कुटुंबांच्या सहली समुद्राकडे निघतात आणि मुलांसाठी खजिनाशोधाचा एखादा खेळ त्यात हमखास असतो. पहिली चिठ्ठी हाती दिली जाते, दुसरी बाकाखाली सापडते, तिसरी माडाच्या बुंध्याशी. चौथीपाशी मात्र बहुधा घोडे अडते. वाऱ्याने ती उडालेली असते किंवा वाडी झाडणाऱ्याने कचरा समजून उचललेली असते. पाचवी, सहावी आणि सातवी चिठ्ठी आपापल्या जागी शाबूत असते, पण तिथवर कोणी पोहोचतच नाही. मुले हिरमुसतात, मोठी माणसे ‘चला, जेवून घ्या’ म्हणतात आणि ज्या काकांनी रात्री जागून सात चिठ्ठ्या लिहिलेल्या असतात ते गप्प बसतात. अशा वेळी सगळे त्या हरवलेल्या चिठ्ठीला दोष देतात. चिठ्ठ्या मुळात सात का ठेवल्या होत्या, हे कोणी विचारत नाही.

हाच प्रश्न जगभर पसरलेल्या एका खेळात फार गांभीर्याने विचारला जातो. त्या खेळाचे नाव जिओकॅशिंग. मे २००० च्या आरंभी अमेरिकेने जी.पी.एस. उपग्रहांच्या नागरी संदेशात मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि सामान्य माणसाच्या हातातील यंत्र एकाएकी काही मीटरपर्यंत अचूक झाले. त्याच महिन्याच्या ३ तारखेला डेव्ह उल्मर या गृहस्थांनी ऑरेगॉन राज्यातील झाडीत वही, पेन्सिल आणि किरकोळ वस्तूंनी भरलेली एक बादली ठेवली व तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. थोड्याच दिवसांत ती शोधून लोकांनी वहीत नावे लिहिली. आज जगात असे तीस लाखांहून अधिक डबे आहेत. कल्पना मात्र त्याहून जुनी आहे. इंग्लंडातील डार्टमूर या माळरानावर १८५४ साली जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने क्रॅनमिअर पूल येथे एक बाटली ठेवली होती. तिथवर चालत जाणारे लोक तीत आपले भेटपत्र टाकीत.

साध्या प्रकारात दिलेल्या अक्षांश-रेखांशांवर थेट डबाच असतो. बहुटप्पी प्रकारात पहिल्या ठिकाणी फक्त दुसऱ्याचा पत्ता मिळतो, दुसऱ्यात तिसऱ्याचा, आणि सही करण्याची वही शेवटच्या डब्यात असते. या प्रकाराला शोधक कमी येतात, हे जगभरचे सर्वश्रुत सत्य आहे. कारण त्याला वेळ लागतो आणि मध्येच साखळी तुटण्याची भीती असते. तरी आपल्या गावाची ओळख करून द्यायची असेल तर याच्याइतका चांगला प्रकार नाही. शोधकाला हात धरून एका जागेवरून दुसऱ्या जागी नेता येते, आणि जे दाखवायचे ते पाहिल्यावाचून त्याला पुढे जाताच येत नाही.

व्यापारी घरातील वाचकांसाठी टप्प्यांचा हिशोब सोपा आहे. वाटेत ठेवलेला एक डबा शोधकाच्या दिवशी जागेवर असण्याची शक्यता शंभरात नव्वद आहे असे धरू. पालघरचा पाऊस, खारा वारा, गुरे, कुतूहलाने उचलणारे हात हे सारे पाहता नव्वद म्हणजे उदारच अंदाज. एक डबा असेल तर शंभरातील नव्वद शोधक शेवटाला पोहोचतील. तीन डबे एकापुढे एक असतील तर ही संख्या ७३ वर येते, पाचांना ५९ आणि सातांना ४८. सात डब्यांची वाट आखणारा मनुष्य निम्म्याहून अधिक पाहुण्यांना रिकाम्या हाताने परत पाठवीत असतो, आणि हे त्याच्या ध्यानीही येत नाही, कारण आखताना त्याने प्रत्येक डबा स्वतः जागेवर पाहिलेला असतो. हुंडीवर कितीही सह्या असोत, ती शेवटच्या पेढीवर वटली नाही तर पत पहिल्याचीच जाते. मुंबईहून पहाटेची गाडी पकडून लहान मुलांना घेऊन आलेल्या कुटुंबाचा एक रविवार इथे पणाला लागलेला असतो.

पण हा हिशोब डब्यांचा झाला, टप्प्यांचा नव्हे. या दोहोंतील फरक न कळल्यामुळे बहुतेक आखण्या फसतात. टप्प्यावर डबा असलाच पाहिजे असा नियम नाही. तिथे आधीपासून असलेली एखादी न हलणारी गोष्ट मोजायला सांगावी आणि त्या आकड्यावरून पुढचा पत्ता काढायला लावावा, एवढे पुरते. दगडी तटातील बुरूज उडून जात नाहीत. अशा टप्प्याची खात्री शंभरात नव्व्याण्णव धरली, तर चार दगडी टप्पे आणि शेवटी एक डबा अशी पाच टप्प्यांची वाटसुद्धा ८६ जणांना शेवटाला नेते. तेव्हा डबे किती, या प्रश्नाचे उत्तर जवळजवळ नेहमी ‘एक’ असते. टप्पे किती, याचे उत्तर मग घड्याळाला आणि पायांना विचारायचे.

घड्याळाचा हिशोब जैन कुटुंबाला कोणी शिकवायला नको. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. चौविहार करणाऱ्यांना त्याआधी जेवण आटोपून उठायचे असते. सकाळी नवकारशीनंतर निघावे म्हटले तरी साडेआठ होतात. मधल्या वेळात प्रवास, दुपारचा डबा, वडीलधाऱ्यांची विश्रांती आणि समुद्रावर मुलांचे हट्ट. यातून खुद्द शोधासाठी तीन, फार तर साडेतीन तास उरतात. एका जागी पोहोचणे, ती न्याहाळणे, मोजणे, गणित करणे आणि चुकले तर पुन्हा मोजणे यांत पाऊण तास सहज जातो. याहून वेगाने पळवायचे असेल तर जागा दाखवण्यात अर्थच राहत नाही.

आता वाट. पालघरच्या पश्चिमेला किनाऱ्याने उत्तरेकडून दक्षिणेकडे शिरगाव, माहीम आणि केळवे अशी गावे ओळीने आहेत, आणि तिन्ही ठिकाणी किल्ले आहेत. जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेत मराठ्यांनी ही पोर्तुगीज ठाणी एकाच महिन्यात घेतली. इतिहासानेच हे टप्पे जोडून ठेवले आहेत. शिवाय या वाटेची आणखी एक सोय आहे. पालघर स्थानकावर उतरून शिरगावला जावे, माहीमवरून केळव्याला यावे आणि परतीची गाडी केळवे रोडला धरावी. हे स्थानक मुंबईच्या बाजूने पालघरच्या अलीकडचे, म्हणजे आलेल्या वाटेने मागे फिरावे लागत नाही. शोधवाट आखणारे पुष्कळ जण ही साधी गोष्ट विसरतात, आणि शेवटचा डबा पहिल्या टप्प्यापासून सर्वांत दूर ठेवून थकलेल्या माणसाला तेवढेच अंतर परत चालायला लावतात.

शिरगावचा किल्ला या तिघांत पाहण्यास सर्वांत सुखाचा. तट चांगला उभा आहे, वर चढण्यास जिने आहेत, आणि आत फांद्या फुटलेले ताडाच्या जातीचे झाड आहे, जे पाहून मुले हमखास थबकतात. ताडाला फांद्या कशा, हा प्रश्न त्यांनी विचारला की पहिल्या टप्प्याचे काम झाले. मात्र मोजण्यासाठी त्या फांद्या निवडण्याचा मोह टाळावा. झाड वाढते, वादळात मोडते. दोन वर्षांनी आकडा बदलतो. मोजावे ते दगडाचे, आणि तेही ढासळत चाललेल्या कोपऱ्यातले नव्हे. तटाच्या फटीत डबी खुपसणे तर सर्वस्वी वर्ज्य समजावे. पुरातत्त्वाच्या दृष्टीने नाजूक जागी काही लपवू नये, जमीन खणू नये, हे या खेळाचेच नियम आहेत. दगड हलवला की फटीतील पाल, विंचू, मुंग्या यांचे घर मोडते, हे वेगळे.

माहीमचा किल्ला लहान आणि वस्तीजवळचा आहे. तिथे मोजण्याजोगे थोडेच आहे, आणि टप्पा म्हणून त्याला वगळावे असे प्रथमदर्शनी वाटते. पण तो वगळला तर शिरगावहून केळव्याला शोधक वाहनात बसून थेट जातो आणि मधले गाव, तिथले पानमळे, जुनी घरे त्याच्या काचेबाहेरून निघून जातात. टप्पा तिथे ठेवायचा तो एवढ्यासाठी, की पायउतार व्हावे. सोपा प्रश्न, पाच मिनिटांचे काम. प्रत्येक टप्पा सारखाच भारी असला पाहिजे असे थोडेच आहे!

केळव्याला सुरूच्या बनात डबा ठेवण्याचा विचार सर्वांना आधी सुचतो, कारण सावली आहे आणि समुद्र समोर आहे. ती जागा वाईट. दाट झाडीखाली फोनचा बाण दहा-पंधरा मीटर इकडेतिकडे भरकटतो आणि रविवारी तिथे इतकी गर्दी असते की डबा उघडणाऱ्याभोवती घोळका जमतो. त्यापेक्षा ओळखीच्या कुणाची वाडी बरी. मालकाची लेखी परवानगी घ्यावी, कुंपणाच्या आत पण रस्त्यावरून पोहोचता येईल अशी जागा ठरवावी. गावातील शीतलादेवीचे मंदिर प्रसिद्ध असल्याने वाट कोणालाही विचारता येते.

एवढ्यावर टप्पे तीन झाले आणि मग घरातील प्रत्येक जण एकेक वाढवू पाहतो. वाघोबा खिंडीवरचा काळदुर्ग घ्या, असे तरुण म्हणतात. त्याच्या माथ्यावरील चौकोनी कातळ दुरूनही ओळखू येतो आणि दृश्य देखणे आहे, पण ती चढण आजीला जमणार नाही. एका अवघड टप्प्यामुळे सबंध वाटेची श्रेणी अवघड होते. सोप्या टप्प्यांची सरासरी काढता येत नाही. केळव्याचा पाणकोट घ्या, असे मुले म्हणतात. तिथे ओहोटीतच जाता येते आणि भरती-ओहोटीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. ज्या टप्प्याचे दार समुद्र उघडतो, त्यावर अनोळखी कुटुंबाला पाठवणे धोक्याचे.

बोईसरकरांचा आग्रह तारापूरच्या किल्ल्याचा असतो आणि तो रास्त आहे. १७३९ च्या त्याच जानेवारीत तारापूरच्या हल्ल्यात बाजी भिवराव रेठरेकर गोळी लागून पडले. इतक्या जवळ राहून तो किल्ला न पाहिलेली मुले बोईसरच्या घराघरांत आहेत. पण शिरगावच्या वाटेला तो जोडला की दिवसाचे दोन तुकडे होतात. त्याची वेगळी, दोनच टप्प्यांची शोधवाट करावी: तारापूर आणि चिंचणीचा किनारा. दोन छोट्या वाटा दोन रविवार देतात. एक लांबलचक वाट बहुधा एकही देत नाही. किल्ल्यात जाण्याआधी तेथील परवानगी विचारून घ्यावी.

बोईसर-तारापूर पट्ट्यात सावधगिरी अधिक हवी. १९६९ पासून इथे देशातील पहिले अणुवीज केंद्र चालू आहे, शेजारी मोठी औद्योगिक वसाहत आहे, आणि २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर सागरी किनाऱ्यावरील बेवारस वस्तूकडे कोणी हलके पाहत नाही, पाहूही नये. रेल्वेमार्गालगत, स्थानकात, केंद्राच्या वा कारखान्यांच्या कुंपणाजवळ डबा ठेवायचा नाही. जो एक डबा असेल तो पारदर्शक असावा, वर मराठीत खेळाचे नाव आणि संपर्क लिहिलेला असावा आणि गावच्या सरपंचांना आधी कळवलेले असावे. डबा एकच असण्याचा हा दुसरा लाभ. सात डब्यांसाठी सात ठिकाणी कोण सांगत फिरणार?

राहिले गणित. अक्षांश अंश, मिनिटे आणि मिनिटाचे हजारावे भाग असे लिहितात. हजाराव्या भागातील एकाची चूक म्हणजे जमिनीवर सुमारे १.८५ मीटर, शंभराव्या भागातील एकाची चूक १८.५ मीटर, दहाव्यातील १८५ मीटर. मुलाने बुरूज एक कमी मोजला आणि तो आकडा दहाव्या भागात बसत असेल, तर सारे कुटुंब शेजारच्या वाडीत शोधत बसेल. यावर उपाय आपल्याच वहीतला आहे. पुढील पत्त्याच्या अंकांचा ताळा आधीच सांगून ठेवावा. समजा मिनिटे ४१.५२७ आली, अंकांची बेरीज १९, पुन्हा १०, पुन्हा १. ताळा जमला नाही तर चालू लागण्याआधीच चूक कळते. ताळ्याला एक चूक मात्र सापडत नाही: २७ चे ७२ झाले तरी बेरीज तीच राहते. रोजमेळात नऊने भाग जाणारा फरक आला की जुने मुनीम आधी उलटे लिहिलेले आकडे शोधत, ते याचसाठी. म्हणून अंकांची अदलाबदल होईल असा प्रश्न विचारू नये. एका टप्प्यावर एकच आकडा काढायला लावावा.

आखणी झाल्यावर ती स्वतः तपासून उपयोग नाही. उत्तर माहीत असलेल्याला प्रत्येक प्रश्न सोपा वाटतो. ज्याने हे किल्ले पाहिलेले नाहीत असा दहा-बारा वर्षांचा मुलगा आणि एखादी आजी यांना कागद देऊन पाठवावे आणि मागून मुकाट चालावे. त्यांनी जिथे दुसऱ्यांदा फोनकडे पाहिले तिथला प्रश्न बदलावा. जिथे त्यांनी पाणी मागितले, त्याच्या पुढे टप्पा असेल तर तो काढून टाकावा.

डब्यात शाईचे पेन नको, दमट हवेत अक्षर पसरते, पेन्सिल हवी. खाण्याची वस्तू ठेवू नये, मुंग्या येतात. जूनच्या आरंभी, पहिल्या सरींआधी, डबा उचलून घरी आणावा आणि तशी सूचना जाहीर करून शोधवाट पावसाळ्यापुरती बंद ठेवावी. दिवाळीनंतर तो पुन्हा जागेवर ठेवताना तिन्ही गावी एक चक्कर मारून दगड मोजून यावे. दर वर्षी एखादा कमी झालेला असू शकतो.