कुलवृत्तांत: अनेक हातांनी लिहायचा दस्तऐवज

पणजोबांचे नाव सांगू शकणारी माणसे शहरात अजून भेटतात. पणजीचे माहेर कोणते, हे सांगणारी मात्र क्वचितच. श्राद्धात तीन पिढ्यांची नावे घ्यावी लागतात म्हणून तेवढी तरी तोंडी राहिली. त्यापलीकडची माहिती नाहीशीच झालेली असते असे नाही. पुष्कळदा ती विखुरलेली असते. थोरल्या घरी इनामाची सनद, धाकट्या घरी जुने छायाचित्र, गावी राहिलेल्या चुलत भावाकडे जमिनीचे उतारे आणि लांब दिलेल्या आत्याच्या स्मरणात नावांची साखळी. कोणी एकट्याने वंशावळ लिहायला घेतली की ती तिसऱ्या-चौथ्या पिढीशी अडते, ती यामुळे.

मराठीत या अडचणीवर निघालेला उपाय म्हणजे कुलवृत्तांत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून एकेका आडनावाची मंडळी एकत्र येऊन असे ग्रंथ सिद्ध करीत आली. कुलमंडळ स्थापन व्हायचे, छापील माहितीपत्रके टपालाने गावोगावी जायची आणि जिथून उत्तर येत नसे तिथे एखादे उत्साही निवृत्त गृहस्थ वही घेऊन स्वतः जायचे. गोत्र, कुलदैवत, मूळ गाव, तेथून झालेले स्थलांतर, मग घराण्यागणिक वंशवृक्ष आणि प्रत्येक व्यक्तीची चार ओळींची माहिती, असा या ग्रंथांचा साधारण साचा. संपादकांचा कस लागे तो दोन घरांकडून आलेल्या विसंगत माहितीचा मेळ घालताना. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची आपली रीत पाहा. गोविंदाचा विष्णू, विष्णूचा पुन्हा गोविंद. त्यात विष्णूच्या भावांनीही आपापल्या मुलाचे नाव गोविंदच ठेवलेले. मग जुन्या कागदावरचा गोविंद यांपैकी कोणता? पत्नीचे नाव, गाव आणि साल या तीन खुणा जुळल्याखेरीज निर्णय करता येत नाही, आणि त्या तिन्ही खुणा बहुधा तीन वेगवेगळ्या घरांत असतात. दत्तक गेलेल्या मुलाचीही तीच कथा. जन्मघराच्या आणि दत्तकघराच्या याद्या शेजारी ठेवल्या नाहीत, तर एकच माणूस दोनदा मोजला जातो.

या ग्रंथांची एक मर्यादा स्पष्टपणे सांगितली पाहिजे. छापील कुलवृत्तांत मुख्यतः लेखनवाचनाची परंपरा असलेल्या घराण्यांचे निघाले, आणि त्यातही वंशवृक्ष काढला जाई तो पुत्रांचा. मुलीचे नाव आले तरी तिच्यापाशी रेषा संपते. विवाहानंतर आडनावच काय, तिचे पाळण्यातले नावही बदलण्याची चाल होती. त्यामुळे एकाच स्त्रीची नोंद माहेरच्या ग्रंथात एका नावाने आणि सासरच्या ग्रंथात दुसऱ्याच नावाने सापडते, आणि ती एकच व्यक्ती आहे याचा पुरावा या दोन्ही ग्रंथांपैकी एकात असतोच असे नाही. दोन्ही कुळांनी माहितीची देवाणघेवाण केली तरच ती जुळते. हा प्रश्न निव्वळ भावनेचा नाही. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला आणि देशभर तो २००५ च्या दुरुस्तीने आला. वारस नोंदीसाठी वंशावळ सादर करताना तीत बहिणींची नावे असतात की नाही, हे पुष्कळ घरांत आजही तपासून पाहण्याजोगे आहे.

घराबाहेरही आपल्या पिढ्यांची नोंद ठेवणारे लोक आहेत. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर येथील तीर्थोपाध्यांच्या वह्यांत यात्रेला आलेल्या यजमानांची नावे, गाव आणि सोबतच्या मुलाबाळांची नावे लिहून ठेवण्याचा प्रघात आहे. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी गावोगाव फिरून शेतकरी घराण्यांच्या पिढ्या सांगतात. कुलवृत्तांताच्या छापील परंपरेत ज्यांना स्थान मिळाले नाही, अशा कितीतरी घरांचा इतिहास त्यांच्या दप्तरात आहे. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचे महत्त्व अमेरिकेतील युटाच्या वंशावळ संस्थेने ओळखले आणि त्यांतील कितीतरी वह्यांची सूक्ष्मपटले तयार करून घेतली. समुद्रापलीकडचे उदाहरण मॉरिशसचे. तेथील ऊसमळ्यांवर कंत्राटी मजूर म्हणून गेलेल्यांत मराठी माणसेही होती. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत या स्थलांतरितांची जुनी कागदपत्रे जतन केली आहेत. नाव, वडिलांचे नाव, गाव, जिल्हा असा तपशील त्यांत मिळतो. त्या आधारे मॉरिशसमधील एखादे कुटुंब कोकणातल्या आपल्या गावापर्यंत येऊ शकते. पुढचा दुवा गावातल्या घरांनीच द्यायचा असतो.

कागद हाती आला तरी तो वाचता येईलच असे नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत घरगुती आणि महसुली लिखाणात मोडी सर्रास होती. आज नातवाच्या दृष्टीने तो गिचमिड अक्षरांचा कागद असतो आणि रद्दीत जाण्याची शक्यता तेवढीच. मराठा-कुणबी नोंदींच्या शोधासाठी शासनाने २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, तेव्हा तालुक्यातालुक्यांत मोडी जाणणाऱ्यांना मागणी आली. पणजोबांच्या शाळेच्या दाखल्यातला एखादा शब्द पणतूच्या शिक्षणाशी आणि नोकरीशी जोडला गेला आहे, हे त्या वेळी अनेक कुटुंबांना प्रथमच जाणवले.

कालगणनेची गोम वेगळीच. शके सालात ७८ मिळवले की इसवी सन येते, हे सर्वांना ठाऊक असते. पण वर्ष चैत्रात बदलते, हे विसरले जाते. शके १७८२ च्या माघातला जन्म १८६० मधला नव्हे, तर १८६१ मधला ठरतो. मराठवाड्यातील कागदांत फसली सन आढळतो. त्याचा १३०० म्हणजे १८९०-९१. म्हणून मूळ कागदावर जे साल आणि जी तिथी आहे ती तशीच उतरवावी आणि रूपांतर शेजारी लिहावे. नुसते रूपांतर उरले आणि ते चुकले, तर पुढच्या माणसाला चूक शोधण्याची वाटच राहत नाही.

आता हे सारे काम संगणकावर होते. नातलगांनी एकाच वंशवृक्षात आपापल्या ठिकाणाहून भर घालावी, अशी सोय देणारी संकेतस्थळे आहेत. पुणे, इंदूर, बडोदे आणि न्यू जर्सी येथे पांगलेल्या घराण्याला ही मोठीच सोय. पण टपालाच्या काळात संपादक मंडळ होते, येथे ते बहुधा नसते. कोणी तरी ऐकीव नाव भरतो, दुसरा ते आपल्या वृक्षात उतरवून घेतो, आणि पाच ठिकाणी दिसू लागल्यावर ते खरे वाटू लागते. यावर उपाय जुनाच आहे. प्रत्येक नावापुढे ते कोठून आले हे लिहावे: अमुक वहीचे अमुक पान, अमुक सालचा फेरफार, किंवा अमुक काकूंनी अमुक दिवशी सांगितले. ऐकीव माहितीही मोलाची असते, फक्त ती ऐकीव आहे हे नमूद हवे. दोन मते असतील तर दोन्ही ठेवावीत.

हयात व्यक्तींची जन्मतारीख, पत्ता आणि दूरध्वनी मात्र सर्वांना दिसेल असा ठेवू नये. आईचे माहेरचे आडनाव हा बँका ओळख पटवण्यासाठी विचारीत आल्या तो प्रश्न, आणि वंशवृक्षात तेच ठळक लिहिलेले! पुनर्विवाह, दत्तक, घटस्फोट अशा नोंदी संबंधितांच्या संमतीनेच प्रसिद्ध व्हाव्यात.

मूळ कागदांचे हाल तर बहुधा प्रेमापोटीच होतात. फाटलेल्या सनदेला चिकटपट्टी लावली जाते. काही वर्षांत पट्टीचा डिंक कागद पिवळा करतो. लॅमिनेशन तर नकोच, कारण ते पुन्हा सोडवता येत नाही. कागद सपाट, कोरड्या जागी, आम्लविरहित वेष्टनात ठेवावा आणि त्याच्या स्वच्छ प्रतिमा घेऊन निदान तीन घरांत द्याव्यात. छायाचित्रातल्या माणसांची नावे डावीकडून उजवीकडे, मऊ पेन्सिलीने मागे लिहावीत, आणि हे काम ती माणसे ओळखणारी व्यक्ती हयात असेतोच उरकावे.

कुलवृत्तांत छापून झाला की संपादकांकडे पत्रांचा ओघ सुरू होतो, असा या कामातल्यांचा अनुभव. आमची शाखा राहिली, आजीचे नाव चुकले, अमुक साली गाव सोडले ते आम्ही नव्हे. ही पत्रे तक्रार म्हणून बाजूला न टाकता काही मंडळांनी त्यांच्या पुरवण्या काढल्या. जुना कुलवृत्तांत ग्रंथालयात पाहायला जाल तेव्हा मुख्य ग्रंथाबरोबर त्याची पुरवणीही अवश्य मागून घ्या. तुमच्या घराची दुरुस्त नोंद तीतच असण्याचा संभव आहे.