मूल बोलताना अडखळते? घरी काय कराल

सुलतानपूर (ता. लोणार) : मूल अडखळले की घरचे ‘नीट बोल’ म्हणतात किंवा त्याचा शब्द स्वतःच पूर्ण करतात. त्याने ताण वाढतो. तोतरेपणा म्हणजे हट्ट नव्हे, बुद्धीही कमी नसते. गावातून वाचा-उपचारतज्ज्ञाकडे वारंवार जाणे अवघड. म्हणून घरचा सराव मोलाचा.

- रोज ५ मिनिटे टीव्ही, मोबाइल बंद ठेवून पालकांनी स्वतः संथ बोलावे.
- मुलाचे वाक्य पूर्ण होऊ द्यावे. क्षणभर थांबून उत्तर द्यावे.
- मोठ्या मुलाने ‘पाणी’, ‘बाबा’ असे शब्द ओठ घट्ट न दाबता, हलकेच सुरू करावेत.

कधी दाखवावे? अडखळणे ६ महिन्यांहून अधिक टिकले किंवा मूल बोलणेच टाळू लागले, तर. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळा-अंगणवाडीत मोफत तपासणी करते, त्यांना सांगावे.