बाळाचे पहिले चोवीस तास आणि 'ब' कावीळ

कावीळ म्हटली की डोळे पिवळे, लघवी पिवळी आणि गळ्यात माळ, एवढेच आपल्याला ठाऊक असते. हाताला चुना चोळून पिवळे पाणी काढून दाखवणारेही गावोगावी आहेत. (निरोगी माणसाच्या हातावरूनही ते पिवळेच निघते, हे तूर्त सोडून देऊ.) पण 'ब' प्रकारची कावीळ, म्हणजे हिपॅटायटिस बी, पुष्कळदा डोळे पिवळे न करताच वर्षानुवर्षे यकृतात मुक्काम ठोकते. गरोदर बाई धडधाकट दिसते आणि बाळंतपणाच्या वेळी तिच्या रक्तातला विषाणू बाळाला लागतो.

मोठ्या माणसाला लागण झाली, तर शंभरातील पंचाण्णव जणांच्या शरीरातून विषाणू काही महिन्यांत निघून जातो. नवजात बाळाचे गणित नेमके उलटे. त्याला लागण झाली, तर शंभरातील नव्वद बाळांत तो ठाण मांडतो. बाळ हसते, खेळते, शाळेत जाते. आणि यकृत आक्रसण्याचा किंवा कर्करोगाचा धोका ऐन उमेदीच्या वयात समोर उभा राहतो.

म्हणून गरोदरपणात रक्ताची 'एचबीएसएजी' तपासणी करायची आणि बाळाला जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत 'ब' काविळीची लस द्यायची. बीसीजी आणि पोलिओच्या डोसाबरोबरची हीच ती लस. सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळते. २०११ पासून 'ब' काविळीची लस देशभरच्या लसीकरणात आहे. पुढचे डोस सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना पेंटाव्हॅलंटमधून मिळतात. "दीड महिन्याने एकदमच देऊ" असे कोणी म्हटले तर ऐकू नका. पहिल्या दिवसाचे काम दीड महिन्याने होत नाही.

आई पॉझिटिव्ह असेल, तर लसीबरोबर दुसऱ्या मांडीत इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शनही लागते, शक्यतो बारा तासांच्या आत. ते आधी मागवून ठेवावे लागते. विषाणूचे प्रमाण फार असेल, तर आईला सातव्या महिन्यापासून गोळ्याही देतात.

आपल्याकडे घोळ होतो तो माहेरपणात. तपासणी सासरच्या गावी, पहिले बाळंतपण माहेरी, आणि फाइल सासरच्या कपाटात! कळा सुरू झालेल्या मुलीला रिपोर्ट कोण विचारणार? तेव्हा डोहाळजेवणाच्या साड्यांआधी ती फाइल पिशवीत घाला.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की सासूबाई विचारतात, "डॉक्टर, सुनेचं ताट वेगळं ठेवू का?" अजिबात नको. ताटातून, पाण्यातून, जवळ बसल्याने हा रोग पसरत नाही. बाळाला लस दिल्यावर आईचे दूधही खुशाल पाजावे. आणि सुनेकडे संशयाने पाहणाऱ्यांना माझे एकच सांगणे: तिला हा विषाणू तिच्या आईकडून, तिच्या जन्माच्या दिवशीच मिळालेला असू शकतो. नवऱ्याने मात्र स्वतःचे रक्त तपासून घ्यावे आणि लागण नसेल तर लस टोचून घ्यावी. बहुतेक नवरे इथे काढता पाय घेतात.

अशा आईच्या बाळाचे रक्त नऊ महिन्यांचे झाल्यावर तपासावे, त्याआधी नको. पहिल्या दिवशीच्या इंजेक्शनमुळे निकालात गोंधळ होतो. गोवर-रुबेलाच्या लसीला न्यालच, तेव्हा डॉक्टरांना याची आठवण करून द्या.