आधी पाचारण, मग पात्रता

पवित्र शास्त्रात देव ज्याला हाक मारतो, तो माणूस बहुधा आधी मागेच सरतो. मोशे म्हणतो, माझी जीभ जड आहे. यिर्मया म्हणतो, मी अजून पोर आहे. गिदोन तर आपले कूळच दुबळे असल्याचे सांगतो. देवाला पात्रतेची गरज नसते, असा निष्कर्ष यावरून प्रवचनांत सर्रास काढला जातो. मला तो उतावळा वाटतो. निर्गमाच्या चौथ्या अध्यायात मोशेची जीभ एकाएकी मोकळी होत नाही. बोलण्यासाठी त्याला भाऊ अहरोन दिला जातो. त्याची उणीव कुणी खोटी ठरवत नाही. ती आहे तशी धरून तिच्या जोडीला माणूस दिला जातो. निघताना पात्रता नसेल तर अडत नाही. पण निघाल्यावर ती कष्टाने मिळवावी लागते, आणि काही बाबतींत जन्मभर दुसऱ्याच्या आधारावर राहावे लागते.

हे पारखायला मराठी भाषेशी थेट संबंध असलेला माणूस आहे: विल्यम कॅरी. इंग्लंडमधील नॉर्थॅम्प्टनशर परगण्यातल्या पॉलर्सपरी गावी १७६१ साली तो एका विणकराच्या घरी जन्मला आणि जोडे शिवण्याच्या धंद्यात उमेदवारीला लागला. ओल्नी गावच्या मंडळीने १७८५ मध्ये त्याचे प्रवचन ऐकले आणि सेवक म्हणून पाठवण्याआधी आणखी काही काळ थांबायला सांगितले. कॅरी थांबला. जोड्यांचे काम करता करता त्याने लॅटिन, ग्रीक, हिब्रू शिकून घेतल्या. २ ऑक्टोबर १७९२ रोजी केटरिंगला बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटी उभी राहिली ती १३ पौंड २ शिलिंग ६ पेन्सच्या वर्गणीच्या आकड्यावर. पुढच्याच वर्षी तो बंगालला निघाला. पैसा, पदवी, कंपनी सरकारचा परवाना, यांतले त्याच्याकडे काहीच नव्हते. ‘एडिनबर्ग रिव्ह्यू’मध्ये सिडनी स्मिथने या मिशनऱ्यांची चांभार म्हणून टर उडवली. त्यात वर्गाचा माज होता, पण शिक्षणाच्या अभावाबद्दलचे त्याचे निरीक्षण अगदीच निराधार नव्हते.

यावर कुणी म्हणेल, कॅरी मुळातच भाषांचा विलक्षण जाणकार होता. त्याला अपात्र म्हणणे हा नुसता विनय. हा आक्षेप निम्मा खरा आहे. देणगी होती, पण ती भाषा शिकण्याची होती, अनुवादाची सिद्धता नव्हे. त्याचा बंगाली नवा करार १८०१ मध्ये छापला गेला आणि पुढे तो पुन्हा पुन्हा दुरुस्त करावा लागला. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात शिकवायला बोलावणे आले तेव्हा, आपण स्वतः कधी कॉलेजात शिकलो नाही म्हणून तो कचरला होता. बंगालमध्ये त्याला अनेक अहरोन भेटले. बंगालीला रामराम बसू आणि मृत्युंजय विद्यालंकार, मराठीला वैजनाथ पंडित, छापखान्याला विल्यम वॉर्ड, शाळांना जोशुआ मार्शमन. १८०५ चे मराठी व्याकरण, १८१० चा मोडी अक्षरांतला मराठी-इंग्रजी कोश आणि १८११ चा मराठी नवा करार, या तिन्हींवर नाव कॅरीचे असले तरी त्याला मराठी येत होती ती पंडितांच्या बळावर. वैजनाथ पंडित ख्रिस्ती नव्हते, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. पाचारण एकाला येते आणि ते तडीस जायला पाचारण न आलेल्यांचे श्रम लागतात. कृतज्ञतेच्या यादीत ते क्वचितच दिसतात.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. अशा आज्ञापालनाची किंमत कोण देते? कॅरीची पत्नी डोरोथी लिहिता-वाचता न येणारी खेडवळ बाई होती. ती आधी यायला तयार नव्हती. शेवटच्या घटकेला निघाली. १७९४ मध्ये पाच वर्षांचा मुलगा पीटर गेला, आणि त्यानंतर तिचे मन ताळ्यावर राहिले नाही; १८०७ मध्ये ती वारली. चरित्रकार हे प्रकरण बहुधा त्याच्या सहनशीलतेच्या खात्यात जमा करतात. माझ्या मते ते तिथे मांडूच नये. देवाने बोलावले हे उत्तर डोरोथीपुढे पुरे पडत नाही. याच मोशेला सासरा इथ्रो पुढे बजावतो की एकट्याने सगळे वाहशील तर तूही झिजशील आणि लोकही. तो सल्ला ऐकणे हेही आज्ञापालनच होते, आणि कॅरी घराच्या बाबतीत तिथे कमी पडला.

मग खरे पाचारण ओळखायचे कसे? आतून जोर आला एवढ्याने भागत नाही. यिर्मयाच्या २३व्या अध्यायात, न पाठवताच धावत सुटलेल्या संदेष्ट्यांवर कडक ठपका आहे. त्यांना स्वतःच्या अपात्रतेची शंकाच नव्हती. म्हणून कचरणे हे अविश्वासाचे लक्षण मानू नये. पाचारणाची पारख त्यातूनच सुरू होते. ओल्नीच्या मंडळीने थांब म्हटले तेव्हा कॅरी रुसून निघून गेला नाही. ११ मार्च १८१२ रोजी बंगालमधल्या श्रीरामपूरचा, त्याच्या मिशनचा छापखाना जळाला, हस्तलिखिते आणि टाइप राख झाले. पुन्हा पहिल्यापासून कोश आणि भाषांतरे सुरू झाली. आपल्यात रेटत राहण्याचा गुण तेवढा आहे, असे तो स्वतःबद्दल म्हणे, आणि ते खरे असावे. १८३४ मध्ये तो श्रीरामपूरलाच वारला; इंग्लंडला परत गेला नाही. त्याचा मराठी नवा करार मात्र फार टिकला नाही. मुंबईतल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी स्वतंत्र भाषांतर हाती घेतले आणि १८२६ साली, कॅरी हयात असतानाच, त्यांचा नवा करार छापून बाहेर पडला.